खाणीच्या पाण्यात नजर पोचत नाही
दापोडे आणि परिसरातील सर्वांना तातडीचे आवाहन

दापोडे, वळ, अंजूर, माणकोली, पूर्णा, राहनाळ आणि आसपासच्या गावांतील ग्रामस्थहो, गोदामांचे मालक आणि व्यवस्थापकहो, माथाडी कामगार, ट्रकचालक आणि पालकहो,

मे महिना सुरू आहे. शाळांना सुट्टी आहे, पत्र्याच्या खोल्या दुपारी आत बसवत नाही इतक्या तापल्या आहेत आणि पाऊस यायला अजून काही आठवडे आहेत. याच दिवसांत भिवंडी, कल्याण, ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यातल्या बंद दगडखाणींकडे पोरे पोहायला धावतात. याच दिवसांत ‘खाणीत बुडून मृत्यू’ ही चार ओळींची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर पुन्हा पुन्हा येते. गाव बदलते, वय बदलते, बाकी मजकूर तोच असतो. यंदा ती बातमी आपल्या परिसरातून येऊ नये, म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही स्कूबा डायव्हिंग करणारी माणसे आहोत. हवेचा सिलिंडर पाठीला बांधून पाण्याखाली जातो. समुद्राइतकाच सराव खाणींच्या आणि तलावांच्या गोड्या पाण्यात करतो. वरून हिरवे आणि निवांत दिसणारे हे पाणी आतून कसे असते, हे आम्हाला जवळून ठाऊक आहे. खाली गेल्यावर बहुतेक वेळा आपल्याच हाताची बोटे धूसर दिसतात. पावसाळ्यात तीही दिसत नाहीत. डायव्हिंगच्या भाषेत याला व्हिजिबिलिटी म्हणतात, म्हणजे पाण्याखाली समोरची वस्तू किती अंतरापर्यंत ओळखू येते ते. समुद्रात चांगल्या दिवशी ती दहा-पंधरा मीटर असू शकते. खाणीच्या पाण्यात अर्धा मीटर मिळणे रोजचे आहे.

या अर्ध्या मीटरचा अर्थ काय, तो आधी समजून घ्या. कारण आमच्या सगळ्या विनंत्या त्यावर उभ्या आहेत.

समजा एक खाण आहे, साठ मीटर लांब आणि चाळीस मीटर रुंद. फार मोठी नाही. तिचा तळ २४०० चौरस मीटर भरतो. नजर अर्धा मीटर पोचते, म्हणजे पाणबुड्याला डावीकडे अर्धा आणि उजवीकडे अर्धा, असा एक मीटरचा पट्टा दिसतो. सगळा तळ तपासायचा तर त्याला २४०० मीटर अंतर पोहावे लागेल. गढूळ पाण्यात, तळ चाचपत, मिनिटाला दहा मीटर जाणे ही चांगली गती आहे. म्हणजे २४० मिनिटे. चार तास. दहा मीटर खोलीवर पाण्याच्या दाबामुळे हवा दुप्पट वेगाने संपते, त्यामुळे १२ लिटरचा नेहमीचा सिलिंडर राखीव हवा सोडून जेमतेम पाऊण तास पुरतो. एकट्या पाणबुड्याला पाचाहून अधिक सिलिंडर लागतील. आणि पाण्याखाली श्वास थांबलेल्या माणसाच्या मेंदूकडे असतात चार ते सहा मिनिटे.

शिवाय हे गणित पाणबुड्या काठावर तयार उभा आहे असे धरून केलेले आहे. प्रत्यक्षात कोणीतरी ओरडणार, कोणीतरी गावात धावत जाणार, फोन होणार, आणि मदतीची गाडी अंजूरफाट्याच्या किंवा माणकोली नाक्याच्या कोंडीतून वाट काढत येणार. ती येईपर्यंत वाचवण्याची वेळ निघून गेलेली असते. अग्निशमन दलाचे जवान असोत, ठाण्याचे आपत्ती प्रतिसाद दल असो किंवा तळेगावजवळच्या सुदुंबरे येथील एनडीआरएफची तुकडी असो, त्यांच्या धैर्याबद्दल आम्हाला पूर्ण आदर आहे. पण त्यांच्या हाती बहुतेक वेळा मृतदेह शोधणेच उरते. बुडणाऱ्याला वाचवू शकतो तो त्या क्षणी काठावर असलेला माणूस. म्हणजे तुम्ही.

मोठ्या दुर्घटनांनी हेच दाखवले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल कोसळला आणि एसटीच्या दोन बसगाड्या पुरात गेल्या. नौदल, तटरक्षक दल, एनडीआरएफ, सगळे आले. पण पाणी इतके गढूळ आणि ओढ इतकी की क्रेनला जड लोहचुंबक बांधून नदीचा तळ चाचपावा लागला. एसटीएवढी मोठी वस्तू सापडायला आठवड्याहून अधिक काळ गेला. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव आणि कळाशी या गावांदरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली, सहा जण गेले. पुणे परिसरातले सांडपाणी भीमेतून उजनीत उतरते, त्यावर शेवाळ पोसते आणि ते पाणी हिरवे होते. तिथेही शोध दिवसांत मोजावा लागला.

आपल्याकडच्या खाणी अशा का असतात, तेही सांगतो, कारण ‘मला पोहता येते’ या भरवशावर उतरणारी तरुण मुले आमच्या नजरेपुढे आहेत.

पहिले, काठ. खडीसाठी काळा पाषाण सुरुंग लावून फोडला जातो. नदीचा किंवा तळ्याचा काठ उतरता असतो, हळूहळू ढोपरभर, मग कमरेएवढे, मग गळाभर पाणी लागते. खाणीला असा काठ नसतो. तिथे फोडलेल्या दगडाच्या पायऱ्या असतात. एका पायरीवर पाय टेकतो, पाणी कमरेएवढे असते, माणूस निर्धास्त होतो, आणि पुढच्या पावलाला खाली दोन-तीन पुरुष पाणी असते. पायरीवर शेवाळाचा बुळबुळीत थर असतो. पाय घसरला की धरायला काही नाही. बाहेर येण्यासाठी हात टाकावा तर उभी, ओली कातळभिंत. चांगले पोहणारेसुद्धा इथेच दमतात: पोहण्यात दमत नाहीत, चढण्याच्या प्रयत्नात दमतात.

दुसरे, गोडे पाणी माणसाला कमी उचलून धरते. आपल्याकडे खाडीकाठी वाढलेली अनेक मुले खाऱ्या पाण्यात पोहायला शिकली आहेत. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. सत्तर किलोच्या माणसाला खाणीत समुद्राच्या मानाने पावणेदोन किलोचा आधार कमी मिळतो. म्हणजे तरंगत राहण्यासाठी हातपाय सतत जास्त हलवावे लागतात आणि दम लवकर तुटतो.

तिसरे, तापमान. उन्हाळ्यात वरचा मीटर-दीड मीटर पाणी कोमट असते. खाण खोल आणि भिंतींनी वेढलेली असल्यामुळे वारा ते पाणी ढवळू शकत नाही. त्यामुळे खाली वेगळा, गार थर पडून राहतो. आम्ही डायव्हिंगचा सूट घालून खाली जातो तरी त्या थराची सीमा अंगाला स्पष्ट जाणवते. उंचावरून उडी मारणारा मुलगा एका क्षणात त्या थरात शिरतो. अचानक गारवा लागला की माणूस नकळत श्वास आत ओढतो, आणि तो पाण्याखाली असतो. तळाशी तर बहुतेकदा प्राणवायूच संपलेला असतो. कुजलेला पालापाचोळा, काळा गाळ आणि सडक्या अंड्यासारखा वास.

आणि चौथे म्हणजे गाळ. यावर आम्ही जरा थांबतो, कारण पाण्याची नजर यामुळेच जाते. ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. उघड्या डोंगरावरची माती, क्रशरची भुकटी, रस्त्याची धूळ, सगळे वाहून खाणीत येते. नदीत ते पुढे निघून जाते. खाणीला बाहेर जायला वाट नसते. वाळूचा कण काही मिनिटांत तळाला बसतो. पण मातीचा बारीक कण, दोन मायक्रॉनचा, अगदी शांत पाण्यातही दिवसाला तीस-पस्तीस सेंटिमीटरच खाली सरकतो. दहा मीटर खोल खाणीत तो वरून तळाला पोचायला महिना लागतो, आणि महिनाभर पाणी शांत राहते कुठे? म्हणून जूनमध्ये गढुळलेली खाण गणपती, नवरात्र उलटून जाईपर्यंत निवळत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हे त्यातल्या त्यात बरे दिवस. मार्चपासून ऊन तापले की शेवाळाचे सूक्ष्म जीव वाढतात आणि पाणी पुन्हा हिरवे, दाट होते. थोडक्यात, मुले ज्या महिन्यांत पाण्याकडे धावतात, नेमके त्याच महिन्यांत नजर फार कमी पोचते.

आता विनंत्या. पहिली, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, गोदाम मालकांना आणि व्यवस्थापकांना आहे.

दापोड्याच्या रस्त्यावर देशभरातून ट्रक येतात. माल उतरायचा नंबर लागेपर्यंत चालक आणि क्लीनर तासन्‌तास, कधी रात्रभर थांबतात. त्यांना आंघोळीला पाणी लागते. गोदामात काम करणाऱ्या, दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा जण राहणाऱ्या कामगारांनाही लागते. नळाला पाणी नसले, टँकर आला नाही, की बादली आणि साबण घेऊन माणूस जवळच्या पाणवठ्याला जातो. बायका कपड्यांचा ढीग घेऊन जातात आणि त्यांच्याबरोबर लहान मुले जातात. आई कपडे घासत असते आणि मूल तिच्या पाठीमागे खेळत असते. बुडण्याच्या घटनांना आपण पोरांची मस्ती म्हणून मोकळे होतो. पण पाण्याच्या टंचाईने खाणीवर गेलेला माणूस मस्ती करायला गेलेला नसतो. आपल्या आवारात दोन नळ, एक आडोसा आणि कपडे धुण्यासाठी एक दगडी कट्टा करून द्या. मोठ्या गोदामाच्या खर्चात ही रक्कम दिसणारही नाही. ज्यांच्या आवारात हे आधीच आहे, त्यांनी ते बाहेर थांबलेल्या चालकांसाठीही खुले करावे. एवढ्याने जितके जीव वाचतील तितके आमच्या सगळ्या सिलिंडरांनी वाचणार नाहीत.

दुसरी विनंतीही गोदामांनाच. मालाचे प्लास्टिक, पट्ट्या, थर्माकोल, तुटकी लाकडी पॅलेट, टायर, भंगार, काहीही खाणीत किंवा तिच्या काठावर टाकू नका, आणि तुमचा कचरा उचलणारा टेम्पो तो कुठे नेतो हे एकदा मागे जाऊन पाहा. पाण्याखाली वस्तू गुंडाळायची प्लास्टिक फिल्म दिसत नाही. ती पायात अडकते आणि सुटत नाही. सळया, तारा, पट्टे हेही तसेच. बुडणाऱ्याला ते धरून ठेवतात आणि शोधणाऱ्यालाही. रसायनाची रिकामी पिंपे धुतलेले पाणी किंवा मैल्याचा टँकर खाणीत सोडणे हा तर उघड गुन्हा आहे. त्यातून शेवाळाला खाद्य मिळते आणि पाण्याची उरलीसुरली नजर जाते. कोणी खाण भरून टाकू म्हणून राडारोडा ओतत असेल तर त्यालाही थांबवा. अर्धवट ओतलेल्या राडारोड्याचा पृष्ठभाग वरून जमीन वाटतो आणि खाली भुसभुशीत चिखल असतो.

पालकांनो, मुलांना ‘पाण्याजवळ जाऊ नको’ एवढेच सांगून भागत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. त्यांना कारण सांगा. उभी कातळभिंत, पायऱ्या आणि गार थर समजावून सांगा, चार तास आणि चार मिनिटे यांचे गणित त्यांच्यासमोर करा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला धाक घातला तर तो लपून जातो. त्याला हिशेब पटला तर तो मित्रालाही अडवतो. आणि पोहायला शिकवा, पण तरणतलावात आणि पोहता येणाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली. खाणीवरचे रील्स, काठावरच्या दारूच्या पार्ट्या, उडीच्या पैजा या गोष्टी गावातल्या ज्येष्ठांनी आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनी सरळ बंद पाडाव्यात. तो अधिकार पोलिसांच्या आधी गावाचा आहे.

ग्रामपंचायतींना विनंती की पावसाच्या आधी विशेष ग्रामसभा घ्या. आपल्या हद्दीत पाणी साचलेल्या किती खाणी आहेत, त्यांची मालकी कोणाची, कुठे कुंपण आहे आणि कुठे नाही, याची यादी करा. उघड्या खाणीच्या काठाला, ती चालू असो वा सोडून दिलेली, पक्के कुंपण घालण्याचे बंधन खाण सुरक्षेच्या १९६१ च्या नियमांतच आहे. गावाने यादीसह ठराव करून तहसीलदारांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला, तर खाणचालकाला ‘आम्हाला कोणी सांगितले नाही’ म्हणता येणार नाही. कुंपण होईपर्यंत फलक लावा. तो मराठीत लावा आणि हिंदीतही, कारण खाणीवर येणारे बरेचसे कामगार उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेले आहेत. त्यावर ‘धोका’ एवढाच शब्द नको. खोली किती आहे तो आकडा लिहा. दोरीला दगड बांधून खोली मोजायला अर्धा तास लागतो.

आणि फलकाशेजारी एक दोर असू द्या. तीस मीटर लांब, जाड, टोकाला हवा भरलेली ट्रकची ट्यूब बांधलेला. ट्यूब नसेल तर झाकण घट्ट लावलेले वीस लिटरचे दोन रिकामे कॅन बांधा. शेजारी एक लांब बांबू. चोरीला जाईल, असे कोणी म्हणेल. गेला तर दुसरा बांधू. ट्यूबची किंमत कितीशी असते? दापोड्याच्या रस्त्यावर टायरवाल्यांकडे जुन्या ट्यूब पडलेल्या असतात. या रविवारी दहा तरुणांनी ठरवले तर संध्याकाळपर्यंत परिसरातल्या प्रत्येक ज्ञात खाणीवर दोर लागलेला असेल. आमच्यातले लोक यायला तयार आहेत.

कोणी बुडताना दिसले तर पाण्यात उडी मारू नका. हे वाचायला कठोर वाटते, पण लिहिताना आम्ही विचार केला आहे. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशी एकाच घरातली भावंडे गेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या आहेत. बुडणारा माणूस हाती लागेल त्याला धरून खाली दाबतो, तो त्याचा दोष नसतो. काठावर पालथे झोपा, बांबू पुढे करा, दोर फेका, साडी, ओढणी, ताडपत्री, जे हाती असेल ते फेका. भिजलेली साडी चांगली मजबूत असते.

तो दिसेनासा झाला, तर जिथून पाहिले तिथून हलू नका. ही आमची एक खास विनंती आहे, कारण शोधकार्यात सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. माणूस बुडताच सगळे धावाधाव करतात आणि पाणबुड्या येतो तेव्हा दहा जण दहा जागा दाखवतात. तुम्ही जिथे उभे आहात तिथे पायाशी एक दगड ठेवा. ज्या जागी तो शेवटचा दिसला, तिच्या सरळ रेषेत समोरच्या काठावरची एखादी खूण पक्की करा: झाड, विजेचा खांब, दगडाचा कोपरा. दुसऱ्या कोणी वेगळ्या बाजूने पाहिले असेल तर त्यानेही तसेच करावे. दोन रेषा जिथे छेदतात, तिथे शोध सुरू होतो. वाहत्या नदीत हे चालत नाही. पण खाणीच्या संथ पाण्यात बुडालेला माणूस बहुतेकदा जवळपास सरळ खाली जातो, आणि पाण्याची जितकी खोली तितक्याच अंतराच्या वर्तुळात सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते. आठ मीटर खोल पाणी असेल तर ते वर्तुळ सुमारे दोनशे चौरस मीटरचे होते. मघाच्याच गतीने ते वीस मिनिटांत तपासता येते. चार तासांची वीस मिनिटे होतात, ती फक्त तुम्ही जागेवर उभे राहिल्यामुळे.

शोध चालू असताना काठावर गर्दी करू नका. खालचा पाणबुड्या डोळ्यांनी शोधत नसतो, हातांनी शोधत असतो. त्याच्या कमरेला दोर असतो आणि काठावरचा साथीदार त्या दोराच्या हिसक्यांतून त्याच्याशी बोलत असतो. गर्दीत कोणाचा पाय त्या दोरावर पडला तर तो संवाद तुटतो. दगड टाकून, गळ फिरवून, पोरांना बुड्या मारायला लावून तळ ढवळला, तर बसलेला गाळ उठतो आणि अर्ध्या मीटरची नजर शून्य होते. मोबाइलवर चित्रीकरण तर करूच नका. काठावर त्या माणसाची आई उभी असते.

वर काढलेल्या माणसाला उलटे टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. पोट दाबल्याने उलटी होते आणि ती छातीत जाते. आडवे, पाठीवर निजवा. श्वास नसेल तर डोके थोडे मागे झुकवून, नाक चिमटीत धरून तोंडाने आधी दोन श्वास द्या. मग छातीच्या मधोमध, दोन्ही हातांचे तळवे एकावर एक ठेवून, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या लयीत तीस वेळा दाबा. मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर दबली पाहिजे. पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका, दमलात तर दुसऱ्याने हात द्यावा. शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात न्याच. फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनी त्रास देते. हे शिकायला एक तास पुरतो. प्रत्येक गोदामाने आपल्या चार कामगारांना हे शिकवून घ्यावे.

शेवटी आमच्याच लोकांसाठी, स्कूबाच्या ओढीने इथल्या खाणींकडे येणाऱ्यांसाठी. मुंबई-ठाण्याजवळ सरावाला पाणी हवे असते, हे आम्ही जाणतो. पण तारकर्लीला एकदा समुद्रात मार्गदर्शकाचा हात धरून मासे पाहून आलात म्हणजे तुम्ही डायव्हर झालात असे नाही. ज्याच्याकडे रीतसर प्रमाणपत्र नाही, त्याने खाणीत पाय घालू नये. ज्याच्याकडे आहे, त्यानेही समुद्रात लावतो तेवढे शिसे कमरेला लावून उतरू नये. गोड्या पाण्यात सुमारे दोन-अडीच किलो वजन कमी लागते. जास्त लावले तर तुम्ही दाणकन तळाच्या गाळात जाऊन बसाल आणि स्वतःच उठवलेल्या ढगात तुम्हाला वर-खाली कळणार नाही. पवनेसारख्या घाटावरच्या जलाशयात जाणार असाल, तर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर खोली आणि वेळेची कोष्टके बदलतात, हे आधी शिकून घ्या.

पाण्याची नजर उतरण्यापूर्वी मोजा. १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-शास्त्रज्ञाने पांढरी तबकडी दोरीने समुद्रात सोडून ती कुठे दिसेनाशी होते हे मोजले. आजही तीच पद्धत जगभर वापरतात. वीत-सव्वावीत व्यासाची पांढरी थाळी, तिला वजन आणि अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी मारलेली दोरी, एवढेच लागते. हे मोजमाप उभ्या दिशेचे असते आणि डायव्हरला आडवे पाहायचे असते, त्यामुळे तो आकडा पुढच्या निर्णयासाठी पहिली पायरी आहे, अंतिम परवाना नव्हे. आमच्या गटाचा नियम असा की थाळी दोन मीटरच्या आत नाहीशी झाली तर शिकाऊ माणूस पाण्यात जाणार नाही, मग त्याने कितीही पैसे भरलेले असोत. पावसाळ्यात, जून ते ऑक्टोबर, कोणीच जाणार नाही. जोडीदाराशिवाय नाही, दोराशिवाय नाही, आणि काठावर राखणदार उभा असल्याशिवाय नाही. डायव्हिंग शिकवणाऱ्या सर्व मंडळींनी हाच नियम जाहीरपणे स्वीकारावा अशी आमची मागणी आहे. थाळीचे हे मोजमाप गावातल्या शाळांनाही विज्ञानाच्या तासाला करता येईल. शिक्षकाने स्वतः सुरक्षित काठावरून थाळी सोडावी, मुलांनी दूर उभे राहून वहीत आकडे लिहावेत. तीन मोसम नोंदी झाल्या की आपल्या परिसरातल्या पाण्याचा स्वभाव आपल्यालाच कळेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात तीन लाख माणसे बुडून गेली. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदींत हा आकडा अलीकडे दरवर्षी पस्तीस हजारांच्या वर असतो. संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस ठरवला आहे. पण २५ जुलैला आपल्या खाणी काठोकाठ भरलेल्या असतील. आपले काम त्याआधी, येत्या दोन आठवड्यांत व्हायला हवे.

रविवारी सकाळी आठ वाजता दापोडे ग्रामपंचायतीसमोर जमूया. येताना जुनी ट्यूब, जाड दोर, रिकामे कॅन, बांबू, फलकासाठी पत्र्याचा तुकडा आणि रंग, यांपैकी जमेल ते आणा. ज्यांच्याकडे टेम्पो आहे त्यांनी टेम्पो आणावा. ज्यांना येता येणार नाही त्यांनी आपल्या जवळच्या पाण्याच्या खाणीची माहिती ग्रामपंचायतीत लिहून द्यावी.

आणि तोपर्यंत काही घडलेच, तर ११२ ला फोन करा, अग्निशमन दलासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८. फोनवर ‘खाणीत बुडाला’ एवढे सांगून ठेवू नका. गावाचे नाव, जवळच्या गोदामाचे किंवा कंपाउंडचे नाव, मुख्य रस्त्यापासून आत कुठल्या फाट्याने वळायचे, किती जण बुडाले आणि किती वेळ झाला, हे सगळे सांगा. एका माणसाला फाट्यावर उभे करा, म्हणजे गाडी चुकणार नाही. आणि ज्याने शेवटचे पाहिले, त्याला त्याच्या दगडाजवळून हलू देऊ नका.